दिवाळीच्या सुटीत नेरहून चिखलदरा आणि शेगाव : मोटारसायकलवरचा पहिला लांबचा प्रवास, तयारी कशी करावी?

प्रश्न : शिक्षिका, नेर तालुका (जि. यवतमाळ)

नमस्कार. मी नेर तालुक्यातील एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. शाळेकडे जाणारा शेवटचा तुकडा पांदण रस्त्याचा आहे आणि पावसाळ्यात स्कूटीची लहान चाके त्या काळ्या मातीत तग धरत नाहीत. म्हणून यंदा मी गिअरची १२५ सीसी मोटारसायकल घेतली, रीतसर शिकले आणि पक्का परवानाही काढला. रोजचे जाणे-येणे आता अंगवळणी पडले आहे. यवतमाळपर्यंतही एकटीने गाडी नेली आहे. त्यापुढे मात्र अजून गेलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत धाकट्या बहिणीला मागे बसवून एक मोठा फेरा करावा, असे मनात आहे. नेरहून नांदगाव खंडेश्वर, अमरावती आणि परतवाडा या मार्गाने चिखलदरा, तेथे दोन रात्री मुक्काम, नंतर परतवाडा-अकोट मार्गाने शेगावला दर्शन, आणि त्याच दिवशी अकोला, मूर्तिजापूर, कारंजा, दारव्हा करीत घरी परत. एकूण अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरेल. गाडीची नेमकी कोणती तयारी करून घ्यावी, दिवसाला किती अंतर ठेवावे, घाटात मागे माणूस बसलेला असताना गाडी कशी सांभाळावी आणि परतताना कारंज्याच्या बाजूला समृद्धी महामार्गाचा काही उपयोग करून घेता येईल का, हे मला जाणून घ्यायचे आहे. घरच्यांचा विरोध नाही, परंतु त्यांना काळजी वाटते. ‘काही होत नाही’ एवढे सांगून ती काळजी झटकून टाकणे मला योग्य वाटत नाही. म्हणून ज्यांनी या रस्त्यांवर गाडी चालवली आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : गॅरेजचालक, पुसद

ताई, मी गाडीपुरते लिहितो. रस्त्याविषयी त्या भागातील मंडळी माझ्यापेक्षा अधिक खात्रीने सांगतील.

आधी समृद्धीचा विषय संपवतो. नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग आहे आणि त्यावर दुचाकी व तीनचाकी वाहनांना प्रवेश नाही. त्यामुळे तो विचार सोडून द्या. मूर्तिजापूरपर्यंत राष्ट्रीय महामार्ग आणि पुढे कारंजा-दारव्हा हाच तुमचा रस्ता आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या टोलनाक्यावर दुचाकीला पैसे लागत नाहीत, कडेची मोकळी मार्गिका पाहून पुढे निघावे.

सर्व्हिसिंग निघण्याच्या आदल्या दिवशी करू नका, आठ-दहा दिवस आधीच उरकून घ्या. गाडी खोलून जोडल्यानंतर एखादा नट सैल राहिला असेल, ब्रेक जास्त ओढला गेला असेल किंवा क्लचची मोकळीक कमी झाली असेल, तर ते पुढच्या शे-सव्वाशे किलोमीटरमध्ये लक्षात येते, आणि तो अनुभव तुम्हाला शाळेच्या रस्त्यावर आलेला बरा, चिखलदऱ्याच्या घाटात नको. पहिली सर्व्हिसिंग अजून झालेली नसेल तर ती झाल्याखेरीज निघूच नका. नव्या इंजिनचे भाग एकमेकांवर घासून बसत असताना धातूचा बारीक कीस ऑइलमध्ये उतरतो आणि पहिल्या ऑइलबरोबर तो बाहेर काढणे आवश्यक असते.

टायरकडे स्वतः बसून पाहा, कारण तुमची गाडी रोज पांदणीतून जाते. बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो, रोजच्या दहा-बारा किलोमीटरला तो काही करत नाही, मात्र लांबच्या पल्ल्यात दोघांच्या वजनाखाली टायर तापले की हळूहळू आत सरकत जातो. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, चाक धुऊन वाळवा, सावकाश फिरवत खाचाखाचांतून नजर फिरवा आणि दिसेल तो काटा चिमट्याने उपटून काढा. एखादा काटा उपटल्यावर हवा सुटलीच, तर गावातच पंक्चर काढून होईल. हवा सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजा, कारण तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. दाब किती असावा हे चेनकव्हरजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत दिलेले असते. दोघे बसणार असतील तेव्हा मागच्या चाकासाठी वेगळा, जास्त आकडा असतो, तोच धरा. पंक्चरच्या दुकानात अंदाजाने भरलेली हवा पुरेशी समजू नका.

टायर ट्यूबलेस आहे की ट्यूबचे, हे निघण्यापूर्वी माहीत असलेच पाहिजे. ट्यूबलेसमध्ये खिळा गेला आणि हवा झपाट्याने उतरत नसेल तर तो तिथेच उपटू नका, बहुतेक वेळा पुढच्या दुकानापर्यंत सावकाश जाता येते. ट्यूबचे टायर मात्र बहुधा पाहता पाहता बसते, म्हणून त्या मापाची एक नवी ट्यूब सोबत ठेवा. दुकानदाराकडे अवजारे असतात, पण तुमच्या मापाची ट्यूब असेलच असे नाही.

चेन रॉकेल आणि ब्रशने स्वच्छ करून, पुसून, मग तेल द्या. तिचा झोल एकाच ठिकाणी पाहू नका, चाक फिरवत चार-पाच ठिकाणी पाहा, कारण वापरलेली चेन सगळीकडे सारखी नसते. बहुतेक गाड्यांना वीस ते तीस मिलिमीटर झोल सांगितलेला असतो, तुमच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम समजा. ‘लांब जायचे आहे, जरा कसून द्या’ असे पुष्कळ जण सांगतात, ते चुकीचे आहे. दोन माणसे आणि सामान बसले की मागचे सस्पेन्शन दबून चेन आणखी ताणली जाते, आणि आधीच कसलेली चेन स्प्रॉकेट व बेअरिंग दोन्ही खाते.

ब्रेकविषयी थोडे जास्त लिहितो, कारण नव्या चालकांचा सर्वांत मोठा गैरसमज इथे असतो. एप्रिल २०१९पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना किमान सीबीएस असणे सक्तीचे आहे. म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो. त्यामुळे ‘पाय दाबला की झाले’ अशी सवय लागते. परंतु गाडी थांबवण्याचे बहुतांश काम पुढचा ब्रेक करतो, कारण ब्रेक लागताच वजन पुढच्या चाकावर येते, आणि सीबीएस असली तरी चाक घसरणे ती एबीएससारखे रोखत नाही. शाळेच्या मोकळ्या मैदानाजवळ कोरडा, सपाट डांबरी तुकडा असेल तर तिथे आधी वीस, मग तीस, मग चाळीसच्या वेगावरून दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू वाढत्या दाबाने लावून थांबण्याचा सराव करा. झटक्याने मूठ आवळायची नाही, दाब वाढवत न्यायचा. हाच सराव बहिणीला मागे बसवून पुन्हा करा, कारण दोघांच्या वजनाने थांबण्याचे अंतर आणि हाताला जाणवणारा प्रतिसाद दोन्ही बदलतात.

सुटे भाग फार नकोत. क्लचची एक केबल, एक्सलरेटरची एक केबल, प्लग आणि त्याचा पाना, दोन-तीन फ्यूज, हेडलाइटला बल्ब असेल तर तो एक, आणि इन्सुलेशन टेप. क्लचची केबल मूठीजवळ तार-तार होत तुटते. नवी केबल जुनीच्या शेजारून आधीच ओवून, दोन्ही टोके बांधून ठेवली तर रस्त्यात फक्त जोडणी बदलावी लागते. हे काम कोणताही मेकॅनिक थोड्या वेळात करून देतो. एप्रिल २०२०नंतरच्या बहुतेक बीएस-६ गाड्यांत पेट्रोलचा पंप टाकीच्या आत असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवते, म्हणून टाकी तळाला जाईपर्यंत गाडी ओढू नका. अशा गाडीची बॅटरी अशक्त झाली तर धक्का मारूनही ती सुरू होईल याची खात्री नसते, त्यामुळे बॅटरी आताच तपासून घ्या.

उत्तर : कास्तकार, अचलपूर तालुका

ताई, तुमचा मार्ग योग्य आहे, पण तुमचे वेळापत्रक मला पटलेले नाही. चिखलदऱ्याहून निघून शेगावचे दर्शन करून त्याच दिवशी नेर गाठणे म्हणजे एका दिवसात तीनशे किलोमीटर, आणि त्यातले शेवटचे सगळे अंधारात. नव्या चालकाने हे करू नये. शेगावला एक मुक्काम वाढवा. संस्थानची भक्तनिवासे आहेत. मात्र दिवाळीच्या सुटीत तेथे गर्दी असते, म्हणून दुपारी लवकर पोहोचा.

आमच्या भागात लांबच्या प्रवासाची तयारी मी एकाच गोष्टीपासून सुरू करतो : सूर्य कधी मावळतो. त्या दिवसांत साडेपाच-पावणेसहाला सूर्यास्त होतो. तिथून हिशेब उलटा मांडा. चिखलदऱ्याला दुपारी दोनपर्यंत पोहोचायचे, म्हणजे वाटेत पंक्चर झाले, जेवायला उशीर झाला किंवा थकल्यामुळे तासभर झाडाखाली बसावे लागले तरी घाट उजेडातच पार होतो. परतवाड्याहून चिखलदरा तीस किलोमीटरच्या आसपास आहे, नव्या हाताला त्याला दीड तास द्या. म्हणजे परतवाडा साडेबाराला सोडायचे. अमरावती ते परतवाडा पन्नास किलोमीटर, जेवण आणि पेट्रोल धरून अमरावती साडेनऊला सोडायची. नेर ते अमरावती साठेक किलोमीटर, म्हणून घरून सातला निघायचे. त्याआधी निघू नका, धुके आणि गारठा असतो. नव्या चालकाचा सरासरी वेग थांबे धरून ताशी पस्तीस ते चाळीसच पडतो, मग स्पीडोमीटरवर काहीही दिसो.

अंधाराचा एवढा आग्रह का, तेही सांगतो. साठच्या वेगात गाडी एका सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर पुढे जाते. समोर काही दिसले, मेंदूने ओळखले आणि हात ब्रेकवर गेला, यातच एक सेकंद जातो. त्यानंतर गाडी थांबायला आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. म्हणजे कोरड्या रस्त्यावरही चाळीसेक मीटर. दुचाकीच्या लो-बीमचा कामाचा उजेड जेमतेम तेवढाच पडतो, आणि समोरून ट्रकचे दिवे डोळ्यांवर आले की तोही उरत नाही. आता त्या उजेडाच्या कडेला काय काय असते ते पाहा. रोही (नीलगाय) तुरीच्या वावरातून एकदम रस्त्यावर उडी घेतो आणि तो एकटा नसतो, एक गेला की गाडी पुढे काढू नका, मागचे येऊ द्या. रानडुकरांचा कळप असतो. कापसाने फुगलेली ट्रॅक्टरची ट्रॉली असते, जिला मागे लाल दिवाही नसतो आणि चकाकणारी पट्टीही नसते. बैलबंडी असते. दिवेलागणीला घराकडे परतणारी गुरे असतात. यातले बहुतेक दिवसा शंभर-दोनशे मीटरवरून दिसते.

दिवाळीच्या सुमारास रस्त्यावर हंगामाचीही एक वेगळी अडचण असते. सोयाबीन नुकतेच निघालेले असते आणि कुठे कुठे ते डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले असते. कोरडे दाणे चाकाखाली आले की गाडीची पकडच राहत नाही. तिथे ब्रेक लावायचा नाही, गाडी तिरपी करायची नाही. आधीच वेग कमी करून सरळ रेषेत पार व्हायचे. पाऊस होऊन गेला असेल तर वावरातून बाहेर आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी काळी माती रस्त्यावर पसरलेली असते. तिच्यावरही हाच नियम. आणि गावाची पाटी दिसली की गतिरोधक आहेच असे समजा, त्यावर पांढरा रंग असेलच असे नाही.

अमरावती शहर साडेनऊच्या आत पार केले तर कार्यालयीन गर्दी टळते. बडनेऱ्याकडून शहरात शिरून वलगावच्या रस्त्याने बाहेर पडायचे. परतवाड्यात टाकी पूर्ण भरा, वर मिळेल या भरवशावर राहू नका. धामणगाव गढीनंतर घाट लागतो. चिखलदरा सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे चढ सलग आहे आणि वर गेल्यावर हवा एकदम गार होते. स्वेटर पिशवीच्या तळाशी न ठेवता वरच ठेवा.

घाटातील वळणाचे सगळे काम वळणाच्या आधी संपले पाहिजे. सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, गिअर खाली घ्या आणि मग स्थिर एक्सलरेटरने वळण घ्या. नजर चाकासमोरच्या खड्ड्यावर न ठेवता वळण जिथे उघडते तिथे ठेवा. गाडी नजरेमागे जाते. आपली डावी बाजू सोडू नका. एसटी बसला तीव्र वळणावर अख्खा रस्ता लागतो, म्हणून आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या आणि बस दिसली की कडेला थांबून तिला आधी वळू द्या. अरुंद ठिकाणी चढणाऱ्या वाहनाला वाट देण्याचा नियम आहे, हे उतरताना लक्षात ठेवा. उतरताना गाडी न्यूट्रलला टाकून पेट्रोल वाचवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती जीवघेणी आहे. ज्या गिअरमध्ये तो भाग चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिन गाडीला धरून ठेवते. नुसत्या ब्रेकवर उतरत राहिले तर ब्रेक तापून निकामी होत जातात, आणि नेमक्या शेवटच्या वळणांवर त्यांची पकड कमी झालेली असते.

आणखी एक. मोबाइलच्या नकाशावर चिखलदऱ्याहून जंगलातून अकोटकडे जाणारे रस्ते जवळचे दिसतील. मेळघाट हा १९७३ साली सुरू झालेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक आहे. त्याच्या क्षेत्रातील रस्त्यांवर वेळेची बंधने असतात, मोबाइलला रेंज नसते आणि गाडी बंद पडली तर मदत लवकर येत नाही. ज्या घाटाने चढलात त्याच घाटाने परतवाड्याला उतरा आणि तिथून अकोट गाठा.

उत्तर : आरोग्यसेविका, धारणी तालुका

ताई, मी कामासाठी याच डोंगरांत रोज दुचाकी चालवते. गाडी आणि रस्ता यांवर वर चांगले लिहिले गेले आहे, मी शरीराविषयी लिहिते.

हेल्मेट दोघींनाही हवे. मोटार वाहन कायद्याचे कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी मागे बसलेल्याला ब्रेक लागणार हे आधी कळत नाही, म्हणून त्याला फेकले जाण्याचा धोका अधिक असतो. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा क्रमांक पाहूनच घ्या, रस्त्याच्या कडेला मिळणारे हलके हेल्मेट टोपीपेक्षा फारसे उपयोगाचे नसते. डोक्यात घालून, हनुवटीचा पट्टा लावून, मागच्या बाजूने वर ढकलून पाहा. ते निघून येत असेल तर माप मोठे आहे.

बाईच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या चिंतेने आपण सकाळपासून पाणी पिणे टाळतो, आणि हीच सवय लांबच्या प्रवासात घातक ठरते. हिवाळा लागला असला तरी आपल्याकडचे दुपारचे ऊन कडक असते, हेल्मेट आणि वाऱ्यामुळे घाम लगेच सुकतो, त्यामुळे शरीरातील पाणी कमी झाल्याचे कळत नाही. त्याचा पहिला परिणाम लक्षावर होतो. डोके जड होते, समोरच्या वाहनाचा अंदाज चुकायला लागतो आणि चालवणाऱ्याला वाटते की आपल्याला फक्त कंटाळा आला आहे. म्हणून स्वच्छतागृहांची ठिकाणे आधीच ठरवा : नांदगाव खंडेश्वरचे बसस्थानक, अमरावतीतील एखादा मोठा पेट्रोल पंप, परतवाड्याचे बसस्थानक. पंपावरील स्वच्छतागृह ग्राहकांसाठीच असते, ते निःसंकोच मागावे. दर तासाला थांबून दोघींनी पाणी प्या, ओआरएसची पाकिटे सोबत ठेवा. थांबल्यावर गाडीवरच बसून राहू नका. उतरून चाला, मनगटे आणि खांदे मोकळे करा. हाताला मुंग्या येत असतील तर मूठ गरजेपेक्षा जास्त घट्ट धरली जाते आहे.

दुपट्टा उन्हासाठी आवश्यक आहे, पण त्याची दोन्ही टोके जॅकेटच्या आत खोचलेली असली पाहिजेत. मागच्या चाकात दुपट्टा अडकून झालेले अपघात आमच्या केंद्रावर येतात आणि ते वाईट असतात. बहिणीलाही हे सांगा. तिने दोन्ही बाजूंना पाय टाकून बसावे, तिच्या पायात घोटा झाकणारे बूट असावेत, तिने गुडघ्यांनी गाडी धरावी आणि वळणावर तुमच्या उलट बाजूला झुकू नये. उतरण्यापूर्वी तिने विचारावे आणि तुम्ही होकार द्यावा, एवढी शिस्त पुरेशी आहे.

सर्दीसाठी आपण सहज घेतो त्या सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, निघण्याच्या आदल्या रात्री किंवा सकाळी त्या घेऊ नका. मळमळ थांबवण्याच्या काही गोळ्यांचेही तसेच आहे. सकाळी भरपेट खाऊन निघू नका, पण उपाशीही निघू नका.

अपघाताचा विचार नकोसा वाटला तरी करून ठेवावा. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३. फोन उघडू शकला नाही तरी दिसेल अशा रीतीने दोघींचे रक्तगट आणि घरचा एक क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवा. जखमी माणसाचे हेल्मेट घाईने ओढून काढू नये. मानेला इजा असेल तर ती वाढते. श्वास अडत असेल तरच, एकाने मान स्थिर धरून, दुसऱ्याने सावकाश काढावे. आणि तुम्हाला दुसऱ्या कोणाचा अपघात दिसला तर मदत करायला कचरू नका. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले आहे आणि सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्याने संरक्षण दिले आहे.

परवाना, आरसी, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये चालतात, पण वर रेंज मिळेलच असे नाही, म्हणून ती कागदपत्रे फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा किंवा मूळ प्रती न्या.

पुन्हा प्रश्न : शिक्षिका, नेर तालुका

आपण सर्वांनी इतके तपशीलवार लिहिले याबद्दल मनापासून आभार. शेगावचा मुक्काम वाढवला आहे आणि सातचे निघणे पक्के केले आहे. आता दोन गोष्टी राहिल्या. एक, चढावर बहिणीला मागे घेऊन थांबावे लागले, तर गाडी मागे न घसरता पुन्हा कशी काढावी? यवतमाळच्या रस्त्यावर असा प्रसंग आलेला नाही. दोन, घरच्यांचे म्हणणे आहे की सोबत आणखी एक गाडी, म्हणजे माझ्या चुलतभावाची, असावी. तो अनुभवी आहे, पण वेगाने चालवतो. त्याला सोबत घ्यावे का?

उत्तर : गॅरेजचालक, पुसद

चढावर थांबताना डावा पाय जमिनीवर आणि उजवा पाय मागच्या ब्रेकवर, ही जागा बदलायची नाही. निघताना पहिला गिअर, ब्रेक दाबलेलाच, एक्सलरेटर नेहमीपेक्षा थोडा जास्त, आणि क्लच इतकाच सोडा की इंजिनचा आवाज जड होईल आणि गाडी पुढे जायला ओढ घेईल. ती ओढ जाणवली की मग ब्रेक सोडा, त्याआधी नाही. उतारावर पुढे तोंड करून गाडी लावू नका, आणि उभी करताना पहिल्या गिअरमध्ये ठेवा. सरावासाठी गावातील पुलाचा चढाव किंवा धरणाच्या भिंतीवर जाणारा रस्ता पुरेसा आहे. आधी एकटीने, मग बहिणीसह, आणि शेवटी सामान बांधून. सामान बांधलेली गाडी एकदा कारंज्यापर्यंत नेऊन आणा. दोर कुठे सैल होतो, पिशवी सायलेन्सरला लागते का, बहिणीला बसायला जागा उरते का, हे अशा फेरीतच कळते. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ ठेवा. मागच्या कॅरिअरवर उंच गाठोडे बांधले की पुढचे चाक हलके होते आणि वळणावर हँडल हलल्यासारखे वाटते.

चुलतभावाला घेणे चांगले, असे माझे मत आहे. पंक्चर किंवा बिघाड झाला तर दुसरी गाडी पुढच्या गावातून माणूस आणू शकते.

उत्तर : आरोग्यसेविका, धारणी तालुका

मी थोडे वेगळे सांगेन. सोबत असलीच पाहिजे असे नाही. आमच्याकडच्या कितीतरी जणी एकट्याने हे रस्ते करतात. पण तो येणार असेल तर एक अट निघण्यापूर्वीच घरच्यांसमोर ठरवून घ्या : पुढे तुम्ही, मागे तो. अनुभवी माणूस पुढे असला की नवा चालक नकळत त्याचा वेग पकडायला जातो, त्याने ओव्हरटेक केले की आपणही करतो, आणि त्याला जी जागा पुरली ती आपल्याला पुरत नाही. मागून येणाऱ्याला तुमचे चाक, सामान आणि दिवे दिसत राहतात, काही चुकत असेल तर तो हॉर्न देऊन थांबवू शकतो. ही अट त्याला मान्य नसेल तर त्याला घेऊ नका. त्याऐवजी अमरावती, परतवाडा आणि चिखलदरा येथे पोहोचल्यावर घरी फोन करायचा आणि ठरलेल्या वेळेनंतर दीड तासात फोन आला नाही तर घरच्यांनी कोणाला विचारायचे, एवढे लिहून ठेवा.

उत्तर : कास्तकार, अचलपूर तालुका

वरच्या ताईंशी सहमत आहे. एक भर घालतो : मूर्तिजापूरपर्यंतच्या चौपदरी रस्त्यावर डावी मार्गिका धरून चाला, पण तिथेही समोरून ट्रॅक्टर किंवा दुचाकी उलट दिशेने येते, विशेषतः ढाबे आणि गावांच्या फाट्यांजवळ. ट्रक शेजारून गेला की हवेचा झोत आधी बाहेर ढकलतो आणि मग आत ओढतो. तेव्हा हँडल आवळू नका, कोपर सैल ठेवा आणि गाडीला आपली रेषा धरू द्या. घाटाची ताजी परिस्थिती जाणून घ्यायची असेल तर परतवाड्याच्या बसस्थानकावर चिखलदऱ्याच्या एसटीच्या चालकाला विचारा, तो त्याच सकाळी वरून उतरलेला असतो.